दुसरा दगड कोण लावायचं? एका लेखाच्या आराखड्याची हकीकत

काकांनी टेबलावर चार वह्या ठेवल्या. चारही शंभर पानी. पहिल्या तीन वह्यांची तीन-तीन पानं भरलेली, चौथीची दोनच. पुढं सगळं कोरं.

"बाई, लेख सुरू झोकात होतो," ते म्हणाले. "पुढं जातच नाय."

जूनचा शेवटचा आठवडा होता. राजापुरात दोन दिवस पाऊस धरून होता, जवाहर चौकात पाणी चढणार का याची बाजारभर चर्चा चालली होती, आणि काका वह्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आले होते. वय एकोणसत्तर. एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं नोकरी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. एका छोट्या दिवाळी अंकाने त्यांना लेख मागितला होता, विषय 'वस्तीची गाडी', म्हणजे रात्री गावातच मुक्कामाला राहणारी एसटी, मर्यादा 1800 शब्द, मुदत 15 ऑगस्ट. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लिहिणाऱ्यांसोबत बसते, एवढाच माझा अधिकार.

या लेखाचा पहिला खर्डा लिहायला काकांना चार दिवस लागले. त्याआधीचा महिना न लिहिण्यात गेला. ही हकीकत त्या महिन्याची.

चार सुरुवाती

पहिल्या वहीची सुरुवात अशी होती: 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. गोष्ट खरी आहे, पण ती बस काकांची नव्हे. पुणे-नगरच्या त्या गाडीपासून राजापूरच्या सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या गाडीपर्यंत यायलाच त्यांची तीन पानं संपली होती. दुसरी वही 'एसटी म्हणजे महाराष्ट्राची जीवनवाहिनी' या वाक्याने उघडत होती, आणि त्या वाक्यानंतर सांगण्यासारखं कोणालाच काही उरत नाही. तिसरी त्यांच्या नोकरीच्या मुलाखतीपासून सुरू झाली होती. चौथीत पाऊस होता. पाऊस छान होता, अगदी छत्रीच्या दांडीतून गळणाऱ्या थेंबासकट, पण गाडी अजून डेपोतच उभी होती.

भाषा कुठेही अडलेली नव्हती. असा माणूस आला की त्याच्या हाती व्याकरण किंवा शैली टेकवावी असा आपल्याला मोह होतो. मलाही झाला, कारण तेच आपल्याला येत असतं. पण काकांची अडचण वेगळी होती. सुरुवात जमली की लेख आपोआप पुढं सरकेल अशा आशेवर ते सुरुवातच बदलत राहिले होते.

मी शिक्षकी थाटात म्हटलं, "काका, लेख म्हणजे गाडीसारखाच. आधी मार्ग ठरवायचा."

काका हसले. "गाडीचा मार्ग आम्ही नाय ठरवत, बाई. तो वरून ठरून येतो. बोर्डावर लिहिलेला असतो. लेखाला बोर्ड कोण देणार?"

माझी उपमा तिथंच पंक्चर झाली. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, म्हणून तोच धरून बसलो.

'बद्दल' नको

"लेखात काय सांगायचंय?"

"वस्तीच्या गाडीबद्दल."

बहुतेक लेख या 'बद्दल' शब्दातच बुडतात. वस्तीच्या गाडीबद्दल काहीही लिहिता येतं: रस्ते, पगार, डिझेल, मुक्कामाचा भत्ता, रातांब्याची झाडं. विषय म्हणजे नुसतं आवार, आत घर बांधायचं बाकी असतं. मी काकांना एकच काम दिलं. पूर्ण क्रियापद असलेलं एक वाक्य आणायचं, असं की ते ऐकून कोणीतरी म्हणू शकेल, 'नाही हो, तसं काही नव्हतं.' ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही ते वाक्य नको.

त्यांना तीन दिवस लागले. पहिलं वाक्य आलं: 'वस्तीच्या गाडीने गावाची मोठी सेवा केली.' हे निरोप समारंभातलं भाषण झालं. दुसरं: 'गावाने आम्हाला घरच्यासारखं जेवू घातलं.' खरं असेल, पण याला नाही कोण म्हणणार? तिसरं त्यांनी फोनवर सांगितलं, सकाळी साडेसहाला, कुठूनतरी कोंबडा ओरडत असताना:

'वस्तीची गाडी एसटीची होती, पण रात्री आठ ते सकाळी सहा ती गावाची असायची.'

मी उठून बसले. यात वाद आहे. गाडी सरकारी, चावी ड्रायव्हरच्या खिशात, मग गावाची कशी? वाचणारा पुरावा मागणार, आणि तो पुरावा म्हणजेच लेख.

त्याच फोनवर वाचक कोण हेही ठरवलं. काकांच्या डोळ्यासमोर त्यांच्याच वयाचे सोबती होते, ज्यांना सगळं माहीत आहे. पण अंक मुंबईत जास्त खपतो. मग आम्ही डोंबिवलीतला एक विशीतला मुलगा धरला. तो गणपतीला कोकण रेल्वेने येतो, स्टेशनवरून रिक्षा करतो, आणि संध्याकाळची शेवटची गाडी गावातच का झोपायची हे त्याला ठाऊक नाही. त्याच्यासाठी चार ओळी लागणार होत्या: शेवटची फेरी गावात रिकामी करून गाडी रात्री परत डेपोत नेली, तर तीच पहाटे पुन्हा रिकामी आणावी लागणार. त्यापेक्षा ती गावातच राहते आणि सकाळी कोर्टाचे, कॉलेजचे, दवाखान्याचे लोक घेऊन तालुक्याला जाते. सोबत्यांना हे सांगायला गेलो असतो तर हसले असते. वाचक ठरला की किती सांगायचं हे बरंचसं ठरतं.

लग्नपत्रिकांच्या पाठी

आता माल गोळा करायचा. काकांकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, जाड कागदाच्या, एका बाजूने कोऱ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, असा नियम केला. आठवड्याने त्रेसष्ट चिठ्ठ्या झाल्या.

पहिल्या वीसेक निरुपयोगी होत्या. 'खूप हाल.' 'माणसं प्रेमळ.' 'पावसाळ्यात कठीण.' मी त्या परत दिल्या आणि विचारलं, कठीण म्हणजे कोणाच्या हातात काय होतं, किती वाजले होते? दुसऱ्या खेपेला 'पावसाळ्यात कठीण'च्या जागी ही चिठ्ठी आली:

'बॅटरी उतरलेली असायची, सेल्फ घेत नसे. म्हणून गाडी रात्री उतारालाच लावायची, तोंड खाली करून. सकाळी दगड काढायचा, धा-बारा जणांनी मागून जोर द्यायचा, दुसऱ्या गिअरला धरायची. कॉलेजची पोरं आधी धक्का मारत, मग धावत येऊन चढत. त्यांची तिकिटं मी शेवटी फाडायचो, श्वास लागलेला असे.'

आणखी एक. 'जेवून झाल्यावर कंदिलात वेबिल. तिकिटांचे नंबर, पैसे, जुळेपर्यंत झोप नाय. एकदा चार रुपये कमी आले, घरवाल्या आजीने आपल्या कनवटीचे काढून दिले, मी घेतले नाय, तर रागावली.' आणि एक चिठ्ठी नुसती तीन शब्दांची: 'पाटी. वास. तक्रार.' ही मासेवालीची गोष्ट होती. काका ती सांगतात तेव्हा सगळी खोली हसते आणि शेवटी गप्प होते.

मग ते वाक्य टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि चिठ्ठ्या वाटल्या. गाडी गावाची होती असं दाखवणाऱ्या बावीस. गाडी एसटीची होती हे दाखवणाऱ्या सतरा. कुठेच न बसणाऱ्या चोवीस. मासेवाली या तिसऱ्या ढिगात गेली, कारण ती दुपारच्या फेरीतली. काकांचा चेहरा पडला. "ही माझी सगळ्यात भारी गोष्ट हाय." होतीच. पण ती रात्री आठ ते सकाळी सहाच्या आत घडत नव्हती, आणि तिला घुसवायला गेलो असतो तर वाक्य मोडलं असतं. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपावर चार चिठ्ठ्या होत्या. काका तेव्हा निवृत्त झालेले, पण त्यांचा पुतण्या संपावर होता, आणि त्या चिठ्ठ्यांवर पेन इतकं दाबलेलं की मागे उमटलं होतं. त्यासुद्धा बाजूला काढल्या. मी एक लिफाफा आणला आणि त्यावर 'दुसऱ्या लेखाला' असं लिहिलं. फेकलं नाही, ठेवलंय, एवढ्याने माणूस सोडायला तयार होतो. ही युक्ती मी पूर्वीही वापरली आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लिफाफे पुन्हा उघडलेच जात नाहीत.

इथं थोडं संशोधनाचं. आराखडा खरंच उपयोगी पडतो की मास्तरांची ती हौस आहे, हे प्रयोगाने तपासलं गेलंय. रोनाल्ड केलॉग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांकडून पत्रं लिहून घेतली. आधी आराखडा करणाऱ्यांची पत्रं उजवी ठरली. पहिला खर्डा ओबडधोबड लिहिला की घासूनपुसून, याने मात्र दर्जात फरक पडला नाही. त्याचं स्पष्टीकरण असं, की लिहिताना विचार सुचणं, त्यांचा क्रम लावणं आणि वाक्य जुळवणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यान मागतात. क्रमाचं ओझं आधीच उतरवलं तर शब्दांसाठी डोकं मोकळं राहतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबर. गणपतीच्या गर्दीत गाडी सुटायच्या आधी मी सुट्टे लावून घ्यायचो. एकाचे वेगळे, दोनाचे वेगळे, पाचाचे वेगळे. नायतर तिकीट फाडू, पैसे मोजू का घंटी मारू?" केलॉगच्या प्रयोगात मनातल्या मनात केलेला आराखडाही कागदावरच्याइतकाच गुणकारी ठरला होता. हे मी काकांना सांगितलं नाही. चिठ्ठ्यांचं काम मध्येच बंद पडलं असतं.

कोरी चिठ्ठी

बावीस चिठ्ठ्या वाचत बसलो तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी आठच्या अकरा, पहाटे पाचच्या दहा, आणि मधल्या रात्रीची फक्त एक. गाडी रात्री गावाची असायची म्हणतो आपण, आणि रात्रच रिकामी!

"मी झोपायचो ना, बाई," काका म्हणाले. "देवळाच्या पडवीत. पैशाची पिशवी उशाला."

ती एकुलती चिठ्ठी दगडाची होती. ड्रायव्हर रात्री पुढच्या डाव्या चाकाखाली एक दगड लावून झोपायचा. पण सकाळी दगड दोन असत. उजव्या चाकाखाली आणखी एक. ड्रायव्हरला वाटायचं मास्तरने लावला, म्हणजे काकांनी, कारण ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. काकांना वाटायचं ड्रायव्हरच झोपण्याआधी दुसरा लावतो. दोघांनी पाचेक वर्षं एकमेकांना विचारलं नाही. उलगडा झाला तो थेट ड्रायव्हरच्या निवृत्तीच्या जेवणात, तोही अर्धाच: दोघांनीही लावलेला नव्हता.

"मग कोण लावायचं?"

काकांनी खांदे उडवले. मी एक कोरी चिठ्ठी घेतली, त्यावर 'दुसरा दगड कोण लावायचं?' एवढंच लिहिलं आणि ती बावीसच्या डोक्यावर ठेवली.

हा प्रश्न लिहायला बसल्यावर कधीच पडला नसता, याची मला खात्री आहे. लिहिताना काकांनी तो एका वाक्यात मिटवला असता: 'गावातलं कोणीतरी प्रेमाने दुसरा दगड लावत असे.' वाक्य गोड झालं असतं आणि वाचणाऱ्याने मान डोलावली असती. चिठ्ठीवर मात्र 'कोणीतरी' हा शब्द उघडा पडतो. म्हणून मला मुद्द्यांच्या नुसत्या यादीचा राग येतो. '1. प्रस्तावना, 2. गावाचं प्रेम, 3. समारोप' अशा यादीत सगळं माहीत असल्यासारखं दिसतं.

काका वीस जुलैच्या सुमारास त्या गावाला गेले. गाडीनेच गेले. आता ती वस्तीला राहत नाही, दुपारी येते आणि जाते. उताराच्या टोकाला वळणावरचं घर अजून होतं, गडग्यासकट, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणासकट. तिथल्या आजी आता ऐंशीच्या पुढे. काकांनी ओळख दिली, चहा झाला, आणि मग दगडाचं विचारलं.

आजी म्हणाल्या, "मीच लावी. रोज."

"का वो?"

"का म्हंजे? तुमची गाडी सुटली तर माझ्या गडग्यावर येईल ना! आधीच एकदा म्हशीन पाडलेलो."

काका हे सांगायला थेट स्टॅण्डवरून माझ्याकडे आले. अर्धे खूश, अर्धे हिरमुसलेले. "मला वाटलेलं, मायेने लावत असतील." मी म्हटलं, काका, हे मायेपेक्षा चांगलं आहे. मग आम्ही बाकीच्या एकवीस चिठ्ठ्या नव्या नजरेने पाहिल्या. धक्का मारणाऱ्या पोरांचं पहिलं लेक्चर साडेसातला होतं. जेवू घालणाऱ्या घरचा मुलगा तालुक्याला आयटीआयमध्ये, त्याचा डबा रोज सकाळी काकांच्या सीटखालून जायचा. बॅटरी उतरेल म्हणून आतले दिवे लावू न देणारा ड्रायव्हर परीक्षेच्या दिवसांत एक दिवा अर्धा तास चालू ठेवायचा, कारण अभ्यासाला बसणाऱ्यांत पोस्टमनची मुलगी होती आणि पोस्टमन त्याची मनिऑर्डर आधी पोचवायचा. सगळ्यांचं काहीतरी त्या गाडीत अडकलेलं होतं.

वाक्याला शेपूट जोडली: '...ती गावाची असायची, कारण गावातल्या प्रत्येकाचं काहीतरी तिच्यात अडकलेलं होतं.' पहिला खर्डा अजून सुरूही झालेला नव्हता आणि लेख बदलला होता. खर्डा आधी लिहिला असता तर प्रेमाचे चार परिच्छेद फाडावे लागले असते, आणि लिहिलेलं फाडवत नाही कोणाला.

क्रमाच्या बाबतीत मी चुकले

या प्रकरणात एक आठवडा माझ्यामुळे वाया गेला. दगडाच्या आधीचा आठवडा. मी चिठ्ठ्या सालवार लावायला सांगितल्या: नोकरीची सुरुवात, मग नव्वदीतली वस्तीची ड्यूटी, मग 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमान्यांची वाट बदलली, मग शेवट. काकांनी मुकाट्याने लावल्या, कारण बाईंनी सांगितलं. आठ दिवसांनी म्हणाले, "बाई, याच्यात मी दिसतो, गाडी नाय दिसत."

त्यांनी स्वतःच क्रम लावला. एकच रात्र. संध्याकाळी आठला गाडी सड्यावरून उतरते, सकाळी सहाला दोन घंट्या होतात. पाच वर्षांतल्या गोष्टी त्या एका रात्रीत जिथं बसतील तिथं. वाक्यातच 'रात्री आठ ते सकाळी सहा' लिहिलेलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. वीस वर्षं शिकवतेय.

मग शब्द वाटून घेतले. गाडी पोचणं 350, जेवण आणि हिशेब 400, रात्र 450, पहाट आणि धक्का 400, सुटणं 200. रेल्वेला एक ओळ. 1948 ला एकही नाही.

खर्डा

27 जुलैला काका लिहायला बसले, 30 ला उठले. 2140 शब्द झाले. पाचवी वही, आणि ती कुठे अडली नाही.

आराखडा मात्र जसाच्या तसा टिकला नाही. जेवणाला ठरवलेल्या 400 शब्दांचं काम 150 मध्येच झालं. तिथं ताटातल्या पदार्थांची नावं सोडून सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कोकणावरच्या लेखात सोलकढी आली की वाचक डोळे मिटून पुढे सरकतो. धक्क्याचा भाग दुपटीने फुगला. सर्वांत मोठा बदल शेवटाचा. ठरवलं होतं की दोन घंट्या वाजतात, गाडी सुटते, संपलं. लिहिताना काका त्याच्या आधीच थांबले. त्यांच्या खर्ड्यात शेवटी दगड निघतात, आजी आपला दगड उचलून नेतात आणि गाडीकडे वळूनही पाहत नाहीत.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी 1981 मध्ये लेखनप्रक्रियेवर जे मांडलं त्यात हेच आहे. आखणी, शब्दांत उतरवणं आणि तपासणं या एकापाठोपाठ येणाऱ्या पायऱ्या नाहीत, लिहिणारा या तिन्हींत सारखा ये-जा करतो. म्हणून आराखडा मोडला याची मला खंत वाटली नाही. मोडायला काहीतरी हातात होतं. पहिल्या चार वह्यांत तेही नव्हतं.

340 शब्द कापायला दोन रविवार गेले. त्या कापाकापीत शिकवण्यासारखं फारसं नाही. विशेषणं गेली, एक आख्खा पाऊस गेला.

9 ऑगस्टला लेख पाठवला. 11 ला सकाळी काकांचा फोन.

"बाई, संपादकांना कळवायला लागेल. एक चूक हाय."

ते पुन्हा त्या गावाला गेले होते, आजींना लेख वाचून दाखवायला. आजींनी सगळा ऐकला. आपण गाडीकडे वळून पाहत नाही हे त्यांना पटलं. गडग्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. आणि मग म्हणाल्या, दगड कसला? तो अर्धा चिरा होता, गडग्याच्या माथ्यावरचा. रोज रात्री काढायच्या, रोज सकाळी परत ठेवायच्या.

"दाखवला त्यांनी," काका म्हणाले. "अजून तिथंच हाय. नुसता ठेवलेला, बाकीच्यांसारखा शेवाळ धरलेला. मी उचलून बघितला, चांगला जड हाय वो."

मी संपादकांना फोन लावला. पाच ठिकाणी 'दगड'चा 'चिरा' करायचा होता. शीर्षकात मात्र दगडच राहू दिला, कारण तोवर काकांनाही ठाऊक नव्हतं.